चहाच्या पाण्यातली अंडी

मांजरी बुद्रुक, पुणे
१३ मार्च २००५

प्रिय ऋतुजा,

अनेक आशीर्वाद. आधी सगळ्यांची खुशाली विचारते, मग बाकीचं. तुझ्या बाबांचा गुडघा कसा आहे? बद्रीनाथराव जिना कठड्याला धरून चढतात, की अजून 'मला काय धाड भरलीय' म्हणत दोन-दोन पायऱ्या गाळतात? विहीणबाईंच्या हातांना पाण्यातल्या कामानं भेगा पडल्या होत्या, त्या भरल्या का? त्यांना म्हणावं, आमसुलाचं तेल कोमट करून रात्री चोळा, पूर्णिमाकडून चोळून घ्या, लेकी दोन कशाला दिल्या देवानं. गोदाआजींच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली का? बारशाला आम्ही वाशीमला आलो तेव्हा त्या एका डोळ्यानं मला न्याहाळून म्हणाल्या होत्या, "एका डोळ्यानं एवढी गोरी दिसते इहीन, दोन्हीनं पायली तं काय होईन व माय!" आता दोन्ही डोळ्यांनी बघून त्यांची निराशा होणार आहे, तेवढी मनाची तयारी करून ठेव त्यांची. पूर्णिमाची परीक्षा कधी संपते? आणि आमची सोनू? मान धरायला लागली का, मुठी चोखते का, संध्याकाळी पोटात कळ येऊन रडायची ते थांबलं का? तुझं सगळ्यांच्या शेवटी विचारते, कारण तुझं उत्तर मला पाठ आहे, 'मी बरी आहे आई'. ते सोडून दुसरं काही लिही. कंबर दुखते का, केस गळतात का, डिंकाचे लाडू खातेस की पूर्णिमालाच चारतेस.

इकडे आम्ही मजेत. तुझ्या सासऱ्यांचा, आपल्या तात्यांचा, खोकला तंबाखूबरोबर वर जातो आणि तंबाखूबरोबर खाली येतो. साईनाथ रात्रपाळीपायी अमेरिकेच्या घड्याळानं झोपतो आणि मांजरीच्या घड्याळानं जेवतो, त्यामुळे झोप कमी आणि जेवणं जास्त. माझं म्हणशील तर संक्रांतीनंतर एकदा अंगण झाडता झाडता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तुळशीच्या कट्ट्याला टेकून बसले. बस, एवढंच. पण साईनाथचं तोंड पांढरंफटक. मला गाडीत घालून थेट सदाशिव पेठेत, मोठ्या डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी नाडी बघितली, छातीला नळी लावली आणि विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंत?" संकष्टी होती, म्हटलं काही नाही. तर म्हणाले, "मग झालं तर. उपाशी पोटी उन्हात अंगण झाडलं तर मलाही चक्कर येईल. फरक एवढाच, की मी झाडत नाही." साईनाथ म्हणाला, अजून काही तपासण्या? डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं, "तुमच्या समाधानासाठी हव्यात की आईंच्या तब्येतीसाठी? आईंना काही लागत नाही." तरी लेकानं रक्त काढवलंच. सगळं जागच्या जागी निघालं. पण त्या दिवसापासून मी बादलीकडे नुसतं बघितलं तरी हा धावत येतो. परवा मी मुद्दाम रिकामी बादली उचलून दाखवली, तर ती पण काढून घेतली हातातून.

आता पत्र का, तेही सांगते. फोनवर मला बोलता येत नाही. तुमचा फोन पुढच्या खोलीत, तिथे तुझे बाबा पेपर वाचत बसलेले. आमचा फोन तात्यांच्या कॉटपाशी, आणि तात्यांना एरवी हाका मारून ऐकू येत नाही पण फोनवरचं सगळं ऐकू येतं. गेल्या रविवारी तू म्हणालीस, "आई, मी महिनाअखेरीला राजीनामा पाठवतेय. सोनूला बघायला मी घरीच राहीन." मी "बरं" म्हटलं. त्या 'बरं'ला तू काही अर्थ लावू नकोस, ते नुसतं तोंडातून निघालेलं बरं होतं. त्यावर मला जे बोलायचं आहे ते लिहायलाच बसले आहे, पण तिथवर मी आपल्या चालीनं येणार. कारण त्याच फोनवर तू काबरीची चौकशी केलीस आणि मी "पिल्लं झाली" एवढंच सांगितलं. ते अर्धंच खरं. पिल्लं झाली, पण काबरीला नाही झाली. मधे पुष्कळ रामायण घडलं.

काबरी तुझी म्हणून सांगते. लग्न होऊन आलीस तेव्हा परसात कोंबडी समोर आली की तू धुण्याच्या दगडावर चढून उभी राहायचीस. शेजारची वेणूबाई मला म्हणाली होती, "आनंदे, सून कंप्युटरवाली आणलीस, पण कोंबडीला भिती ती!" आणि वर्षाच्या आत तीच तू काबरीला पिल्लाची कोंबडी होईपर्यंत खांद्यावर घेऊन हिंडायला लागलीस, ऑफिसला जाताना स्कूटरवर बसून अर्धं बिस्किट तिला, अर्धं तुला. ती अजून सकाळी स्कूटरपाशी जाऊन उभी राहते. स्कूटरवर कापड घातलंय, तर कापडाच्या कडा टोचते.

तू गेल्यावर इकडे अंड्यांना फार भाव आला. मळ्याच्या कडेची ती सोसायटी भरली गं सगळी. आधी त्या लोकांनी आपल्या कोंबड्यावर तक्रार केली, की हा पहाटे ओरडतो. तात्या म्हणाले, "मग काय दुपारी ओरडू म्हणू त्याला?" नंतर कुणीतरी त्यांना सांगितलं की गावरान अंडं पोराबाळांना चांगलं. झालं. तक्रार करणारेच पिशवी घेऊन दारात. कोंबडा ओरडला की आता त्यांना वाटतं, आज ताजी अंडी आहेत. तात्यांची मान अशी ताठ झाली की विचारू नकोस. उसाच्या वेळी कारखान्याच्या माणसाशी बोलायचे तसे त्या बायकांशी बोलतात. "मॅडम, उद्या या. आज संपली." घरात मला ऑम्लेटला अंडं मिळेना.

अशात काबरी खुडूक झाली. तुला कधी हा प्रकार बघायला मिळाला नाही, म्हणून सांगते. कोंबडी एके दिवशी अंडं घालून उठतच नाही. पिसं फुलवून बसते, दुप्पट दिसते. जवळ गेलं की घशातून कुर्र करते, हात घातला की टोचते. पोटाखालची पिसं आपली आपण उपटते, म्हणजे अंड्याला ऊब नीट लागावी. अंडी घालणं बंद, खाणं नावाला. तिचं डोकं एकाच गोष्टीवर असतं. तात्यांना वाटलं, आपली सगळ्यात चांगली अंडी देणारी कोंबडी गेली कामातून. मी म्हटलं, बसलीच आहे तर तिला अंडी देऊ, पिल्लं निघतील, कोंबड्या वाढतील, तुमची गिऱ्हाइकं पण खूश. तात्यांना पटलं. मी बांबूच्या पाटीत राख घातली, वर वाळकं गवत, त्यात विळ्याचा एक तुकडा ठेवला, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. तुझा नवरा म्हणाला, "आई, मार्चपर्यंत वीज कुठली कडाडणार? इथे लोडशेडिंगला वीज नसते." मी म्हटलं, तू गप. तात्यांना सांगितलं, चांगली बघून गावरान अंडी बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपलीभर आणून दिली, छान तपकिरी. मी काबरीखाली सारली, आणि वर डालगं झाकून देवाचं नाव घेतलं.

आठवडा उलटला तेव्हा एका संध्याकाळी मी एकेक अंडं बॅटरीसमोर धरून बघायला लागले. जीव धरलेला असला की आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. पहिलं धरलं, आत काही नाही, स्वच्छ पिवळं. दुसरं तसंच, तिसरं तसंच. तेवढ्यात हाताला घाम आलेला, त्यानं अंडं ओलं झालं, आणि माझी बोटं तांबूस! मी पदरानं पुसलं तर अंडं खालून पांढरं धोप. ऋतुजा, तुझ्या सासऱ्यांनी सगळी गावरान अंडी सोसायटीला विकली होती, आणि दुकानातून पोल्ट्रीची पांढरी अंडी आणून, मला ओळखू येऊ नयेत म्हणून, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवून माझ्या हातात दिली होती! लोक गिऱ्हाइकाला फसवतात, आमच्या माणसानं गिऱ्हाइकाला अस्सल दिलं आणि बायकोला रंगवून दिलं. मी चहाचं पातेलं दाखवत विचारलं, तरीच परवा चहा पावडर डब्यात तळाला गेली होती ना? तर म्हणतात कसे, "अगं, कोंबडीला काय कळतंय त्यातलं? ऊब हाय, अंडं हाय, निघंल की पिल्लू." मी म्हटलं, "कोंबडीला नाही कळत, पण अंड्याला कळतं. जिथे कोंबडाच नाही त्या पोल्ट्रीच्या अंड्यातून काय तुमचा खोकला बाहेर पडणार?" साईनाथ आतून हसत सुटला. तात्या दोन दिवस पारावरच जास्त बसले.

पण हसून भागणार नव्हतं. काबरी बिचारी मनापासून बसली होती. तुरा फिका पडलेला, छातीचं हाड हाताला लागायला लागलेलं. आणखी दोन आठवडे ती त्या भाकड अंड्यांवर बसली असती आणि काही न निघता तशीच बसून राहिली असती. कोंबडी आपणहून कधी म्हणत नाही की पुरे झालं. तिला उठवायलाच लागतं. आता उठवायचं कसं, यावर आख्खी आळी शहाणी झाली. वेणूबाई म्हणाली, गार पाण्याच्या बादलीत बुडव, पोट थंड झालं की खूळ जातं. बुडवली. काबरी ठिबकत ठिबकत पुन्हा पाटीत, आणि पाटीच ओली झाली. तात्यांचे चुलतभाऊ सोनबा आले, म्हणाले, "हिच्याच पंखाचं पीस घ्या न् नाकातनं आरपार घाला. त्याच्या नादात चार दिवस फिरंल, इसरंल." घातलं बाई तेही, मला बघवेना. नाकात पीस घेऊन ती एखाद्या नवरीसारखी ऐटीत पाटीत जाऊन बसली. मी ते पीस काढून टाकलं.

शेवटी उपाय सापडला तो सोसायटीतल्या दिग्विजयकडून. तो दुसऱ्या मजल्यावर राहतो, तुझ्यासारखाच कंप्युटरमध्ये आहे, अंडी न्यायला येतो. म्हणाला, "काकू, मी रात्री नेटवर सर्च केलं. बेसिकली तिच्या पोटाखालून हवा गेली पाहिजे. जमिनीपासून वर, जाळीवर ठेवायचं. गवत नाही, काही नाही. फूड आणि वॉटर मात्र पूर्ण द्यायचं." मला वाटलं, याला कोंबडी म्हटली की ताटातली ठाऊक, हा काय सांगणार. पण म्हटलं, बघू तरी. भाजीचा प्लास्टिकचा क्रेट चार विटांवर ठेवला, काबरीला त्यात घातली, वर फळी, पुढे दाणा-पाणी. पहिला दिवस नुसता आरडाओरडा. दुसऱ्या दिवशी ती बसायला बघायची, खालून गार वारा लागला की उठायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी क्रेटमधून सोडली तर पाटीकडे न जाता सरळ राखेत जाऊन लोळली, पंख झटकले, कोंबड्याकडे बघून मान वाकडी केली. मी दिग्विजयला हाक मारून सहा अंडी दिली आणि तात्यांना पैसे घेऊ दिले नाहीत. पुढच्या पंधरवड्यात काबरी अंड्यावर आली. आता रोज सकाळी खुराड्यातून बाहेर येऊन असा काही कलकलाट करते की जणू जगात पहिलं अंडं तिनंच घातलं.

आता तांबडीचं. तांबडी तुला आठवत असेल, कोपऱ्यात बसणारी, एका पायानं जरा अडखळणारी, आपली सगळ्यात जुनी. तिनं अंडी देणं सोडून पुष्कळ दिवस झाले. तात्यांचं गणित सरळ होतं, होळीच्या दुसऱ्या दिवशी धुळवडीला तिचा रस्सा. पण काबरीला उचलून क्रेटमध्ये घातली, तर त्याच संध्याकाळी ही बया पाटीत जाऊन बसलेली! पाटी रिकामी. खाली गवत आणि विळ्याचा तुकडा, बस. तरी पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून, कुर्र कुर्र. मी उचलून बाहेर ठेवली, पुन्हा आत. वेणूबाई हसली, "म्हातारपणी काय सुचलंय बघ हिला." सोनबा म्हणाले, "वहिनी, येवढी घाई करा रश्श्याची, न्हाईतर वाळून जाईल." मला मात्र तिला उठवावंसं वाटेना. काबरीचं वय अंडी द्यायचं, तिला उठवली ते बरोबर. हिला कशासाठी उठवायची? मी दोन गोल गोटे धुऊन तिच्याखाली ठेवले, आणि तिला बसू दिली. तिनं ते गोटे चोचीनं आपल्याकडे ओढून घेतले, नीट पोटाखाली घातले. रोज सकाळी एकदाच उठायची, खाऊन-पिऊन पाटी गार होण्याच्या आत परत.

तात्यांचा राग-रुसवा एव्हाना विरला होता आणि चहाच्या पाण्याची लाज मात्र उरली होती. त्यांनी दत्तोबाला गाठलं. तो लोणीकडच्या एका उबवणी केंद्रावर कामाला आहे. एके दिवशी उन्हं कलताना तात्या मोटारसायकलवरून आले तेव्हा टाकीवर भोकं पाडलेलं खोकं, आणि खोक्यातून चिवचिवाट. कालची निघालेली, मूठभर पिल्लं. मला म्हणाले, "ही घे. ही रंगवलेली न्हाईत, बघ पाण्यात घालून." वेणूबाईचं मत पडलं, की तांबडी म्हातारी आहे, पिल्लं तिची नाहीत, टोचून मारील. मला भीती होती नाही असं नाही. पण दिवेलागणीला नेमकं लोडशेडिंग आलं, सगळीकडे मिट्ट काळोख, आणि मला हवं होतं तेच. अंधारात कोंबडी दचकत नाही. मी पाटीपाशी उकिडवी बसले, गोटे हळूच काढून घेतले आणि एकेक पिल्लू हाताच्या ओंजळीत ऊब करून तिच्या पंखाखाली सारलं. पहिलं सारताना तिनं माझ्या मनगटाला चोच लावली, टोचलं नाही, नुसती लावली. मग घशातून एक वेगळाच आवाज काढला. खुडूकचा नव्हे. आया पिल्लांना हाक मारतात तो. मी या घरात आल्यापासून कोंबड्या बघते आहे, पण त्या अंधारात तो आवाज ऐकला आणि लाईट येईपर्यंत मी तिथेच उकिडवी बसून राहिले.

आता तिचा तोरा बघायला ये तू. पाय अडखळतो तो फक्त आम्हाला दाखवण्यापुरता. घार आली की एका हाकेत सगळी पंखाखाली. सोसायटीच्या सेक्रेटरींचं झुपकेदार कुत्रं कुंपणातून आत आलं, तर त्याच्या नाकावर अशी झेपावली की ते साखळीसकट घरी पळालं. सेक्रेटरी दारात आले, म्हणाले, "आजी, आमच्या डॉगीला इंजुरी झाली." तात्या म्हणाले, "मग आमच्या म्हातारीला काय करू? समजावून सांगू?" काबरीची तर गंमतच. दिवसभर ती आपल्या उद्योगात असते, पण उन्हं उतरली की पिल्लांपाशी येते, त्यांच्यापुढे माती उकरते, किडा सापडला की हाक मारते. पहिले दोन दिवस तांबडीनं तिला हुसकलं. मग तिच्या लक्षात आलं असावं की ही काही हिसकावून न्यायला येत नाही. आता दोघी मिळून उकरतात. धुळवडीचा रस्सा रद्द झाला हे वेगळं सांगायला नको. तात्या तर म्हणतात, रस्सा करायचा तर दुकानातून आणू, ही आता नोकरीवर आहे.

हे सगळं वाचून तू म्हणशील, आईंनी कोंबडीच्या आडून बरंच सांगितलं. नाही गं. आडून बोलायची मला सवय नाही, आणि माणसाचं कोंबडीवरून ठरवू नये एवढं मला कळतं. मी सरळच लिहिते. एकदा संध्याकाळी तू मला ताटात शेंगदाणे मांडून तुझं काम समजावलं होतंस. हा दाणा म्हणजे एक बँक, हा दाणा दुसऱ्या गावची, पैसे इथून निघाले की तिथे पोचेपर्यंत मधे एकही दाणा हरवता कामा नये, आणि ते मी बघते आई, असं म्हणालीस. मला त्यातलं निम्मं कळलं. पण तुझे डोळे मला पुरते कळले. ज्या दिवशी तुमचं ते काम सुरू झालं, त्या दिवशी तू स्कूटरवरून दारातच ओरडलीस, "चाललं, आई, चाललं!" आणि आम्हा सगळ्यांना आइस्क्रीम. ती पोरगी आणि गेल्या रविवारी फोनवर हळू आवाजात "मी घरीच राहीन" म्हणणारी पोरगी, या दोघींचा मेळ मला लागेना.

तो मेळ मग पूर्णिमानं लावून दिला, तिला रागवू नकोस. तू सोनूला घ्यायला उठलीस आणि फोन तिच्या हातात आला, तेव्हा ती भाबडेपणानं म्हणाली, "काकू, तुमची तब्येत आता कशी आहे? जिजाजी सांगत होते, बाळाचं करणं तुम्हाला झेपणार नाही असं तुम्ही म्हणालात, म्हणून ताई नोकरी सोडतेय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं." ऋतुजा, मी असं कधी म्हटलेलं नाही. कुणाला नाही, कधीच नाही. फोन ठेवला आणि साईनाथला समोर बसवलं. विचारलं, हे मी कधी बोलले? तो मान खाली घालून म्हणाला, "आई, तू नाही म्हणणार नाहीस हे माहीत होतं, म्हणून तुझ्या वतीनं मीच नाही म्हटलं. अंगणात तू बसलीस ना त्या दिवशी, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही." त्याच्या मनात वाईट नव्हतं. मला जपायला तो गेला, मला जपायला तू गेलीस, आणि जिला जपायचं तिला विचारायचं मात्र दोघंही विसरलात. म्हणून हे पत्र. आता माझं उत्तर माझ्या हातानं लिहिलेलं घे. सोनूचा दिवस मी सांभाळीन. मला दुपारी तासभर आडवं व्हायला लागतं, तेवढ्यात वेणूबाई बसेल, मी तिला विचारलं आहे, ती नातवंडं वाढवून रिकामीच आहे. रात्र तुमची दोघांची, रविवारी मला सुट्टी, आणि सोनूची अंघोळ साईनाथनं घालायची, त्याला अमेरिकेच्या घड्याळात तेवढी सवड सापडेल. दमले तर दमले म्हणेन, तेव्हा दुसरा मार्ग बघू. आणि तुला स्वतःलाच सोनूपाशी राहावंसं वाटत असेल, तर खुशाल राहा, त्यातही कमीपणा नाही, मी कुणाला तोंड उघडू देणार नाही. पण सोडायची तर तुझ्या मनानं सोड, माझ्या नावावर नको. राजीनामा महिनाअखेरीला जायचा आहे म्हणतेस, तर त्याआधी तुझं मन काय म्हणतं ते मला कळू दे. फोन नको, चार ओळी का होईना लिही, आणि पाकिटावर साईनाथचं नको, माझं नाव घाल. पोस्टमन दुपारी येतो. मी दारातच असते. लवकर लिही.

तुझीच,
मांजरीची आई
आनंदी